माणूस बेकायदा कसा ठरतो?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्कराचे एक विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले. त्यातून १०४ भारतीयांना मायदेशी परत पाठविण्यात आले होते. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. बहुतेक जण पंजाब, हरियाणा व गुजरातचे. तिघे आपल्या महाराष्ट्राचे. त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीत संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर हा विषय निघाला. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "फादर, चोरवाटेने घुसल्यावर बेड्या पडायच्याच. त्यात हळहळायचे कशाला?" शेजारी बसलेल्या बाईंचा भाऊ तीस वर्षे आखातात राबून परतलेला. त्या हळूच म्हणाल्या, "पण सुखासुखी घर कोण सोडतो, फादर?"

त्या रात्री मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि निघालो. पण दोघांचेही शब्द मनात घोळत राहिले. कायद्याचा मान राखलाच पाहिजे हे त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते; बाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. या दोहोंमध्ये एक तिसरा प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा विचारीत नाही: माणूस बेकायदा ठरतो तो नेमका कसा? याचे उत्तर इतिहासाकडे मागावे लागते. आणि ते जितके स्पष्टपणे मेक्सिको व अमेरिका यांच्या सरहद्दीवर सापडते, तितके क्वचितच अन्यत्र सापडेल.

मेक्सिको आपल्याला वाटतो तितका परका नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर खिळण्यात आले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. आणि मेक्सिको शहरात जन्मलेले संत फेलिपे हेही होते. दोन दूरच्या देशांतील ख्रिस्ती श्रद्धेची साक्ष एकाच दिवशी, एकाच टेकडीवर दिली गेली. तेव्हा या भावंडांच्या देशाची कहाणी आपण आपुलकीने ऐकावी.

रेषा अंगणावरून गेली

१८४६ ते १८४८ या काळात अमेरिका व मेक्सिको यांचे युद्ध झाले. मेक्सिकोचा पराभव झाला आणि ग्वादालुपे हिदाल्गो येथील तहाने आजचा कॅलिफोर्निया व त्याला लागून असलेला विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला. आधीच गेलेला टेक्सास धरला तर मेक्सिकोने आपली जवळजवळ निम्मी भूमी गमावली. त्या मुलखात राहणाऱ्या हजारो मेक्सिकन कुटुंबांनी कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांच्या अंगणावरून गेली होती.

पुढची कित्येक वर्षे सुमारे ३,१०० किलोमीटरच्या या सरहद्दीवर फारसा पहारा नव्हता. आज ऐकून नवल वाटेल, पण तेथे घोडेस्वार पहारेकरी प्रथम नेमले गेले ते मेक्सिकन लोकांना अडविण्यासाठी नव्हेत, तर चिनी मजुरांना पकडण्यासाठी. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली होती आणि त्यांतील काही जण मेक्सिकोच्या वाटेने येत असत. १९१७ साली ही बंदी भारतासह आशियाच्या मोठ्या भागाला लागू झाली. आशियाई हात थांबले, पण कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतील, खाणींतील व रेल्वेमार्गांवरील काम थांबले नव्हते. ते हात आता कोठून आणायचे?

उत्तर दक्षिणेकडे होते. १८८४ साली मेक्सिकोच्या अंतर्भागातून सरहद्दीपर्यंत लोहमार्ग पोहोचला. पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीत जमिनी थोड्या बड्या जमीनदारांच्या हाती एकवटल्या होत्या आणि खेड्यांतील असंख्य कुटुंबे भूमिहीन झाली होती. १९१० साली क्रांतीचा वणवा पेटला. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाहुआतो या प्रांतांतून गाड्या भरभरून माणसे उत्तरेकडे निघाली, आणि सरहद्दीवरील एल पासो शहरात मजुरांची भरती करणारे दलाल त्यांची वाटच पाहत होते. १९१७ च्या कायद्याने प्रवेशासाठी साक्षरतेची परीक्षा व आठ डॉलरची पट्टी बसविली खरी, पण मळेमालकांनी ओरड करताच काही महिन्यांत मेक्सिकन शेतमजुरांना त्यातून सूट मिळाली. कायदा कडक करायचा आणि काम अडले की त्याच कायद्याला मागचे दार ठेवायचे, ही रीत तेव्हा पडली.

१९२४ साली अमेरिकेने युरोपच्या दक्षिण व पूर्व भागांतील लोकांवर कडक कोटा लादला. मेक्सिकोवर मात्र कोटा बसविला नाही, कारण मळ्यांना मजूर हवे होते. त्याच वर्षी सरहद्द-पोलीस दलाची स्थापना झाली. १९२९ च्या कायद्याने परवानगीवाचून सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. लगोलग महामंदी आली, काम संपले, आणि तिसाव्या दशकात लाखो मेक्सिकन लोकांना दडपणाने वा जबरीने परत धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, कायद्याने अमेरिकन नागरिक असलेली मुलेही होती.

उसने घेतलेले बाहू

दहा वर्षांत चित्र पुन्हा पालटले. दुसरे महायुद्ध सुरू झाले, अमेरिकेचे तरुण रणांगणावर व कारखान्यांत गेले, आणि शेते ओस पडू लागली. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही सरकारांनी करार केला. मेक्सिकन मजुरांना ठरावीक मुदतीच्या करारावर आणायचे व काम संपताच परत पाठवायचे. या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. 'ब्रासो' म्हणजे बाहू. नावातच सारे आले: हवे होते ते बाहू, त्या बाहूंच्या मागे असलेला माणूस, त्याची बायको, त्याची मुले यांची मागणी कोणी केली नव्हती.

युद्ध १९४५ मध्ये संपले, पण ही योजना १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. त्या अवधीत सुमारे ४६ लाख करार झाले. एकाच माणसाने अनेकदा करार केल्याने माणसांची संख्या अर्थातच कमी भरेल. १९५६ या एकाच वर्षी सुमारे ४ लाख ४५ हजार ब्रासेरो गेले. सरहद्दीवर त्यांना विवस्त्र करून तपासले जाई, अंगावर डीडीटीची पूड फवारली जाई. शेतात आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कमरेतून वाकून काम करावे लागे. कॅलिफोर्नियात ती कुदळ १९७५ साली बंद झाली. प्रारंभीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली गेली आणि ती पुष्कळांच्या हाती कधीच पडली नाही.

तरीही माणसे जात राहिली, कारण गावी त्याहून कमी मिळत होते. ज्यांना करार मिळत नसे, ते रिओ ग्रान्दे नदी पोहून जात. त्याच मळ्यांत, त्याच कुदळीने, कधी तर त्याच ब्रासेरोच्या शेजारी ते काम करीत. युद्धानंतरच्या वर्षांत सरकारने एक विलक्षण उपाय योजला. असे मजूर पकडले की त्यांना सरहद्दीवर नेत, मेक्सिकोच्या मातीवर क्षणभर पाय ठेवायला लावीत, आणि करार हाती देऊन कायदेशीर मजूर म्हणून परत आत घेत. माणूस तोच, मळा तोच, मालक तोच. एका पावलाने तो कायदेशीर झाला!

१९५२ साली अमेरिकेच्या संसदेने बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरविला. पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पुस्ती टेक्सासच्या मळेमालकांसाठी जोडली. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, सरकारने धरपकडीची प्रचंड मोहीम काढली आणि दहा लाखांहून अधिक लोक परत गेल्याचा दावा केला. म्हणजे नोकरीचा फलक मालकाने लावायचा आणि शिक्षा तो फलक वाचून आलेल्याने भोगायची.

या योजनेला स्थानिक मजुरांचाही विरोध होता आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, हे सांगितलेच पाहिजे. स्वस्त व मुकाट काम करणारे हात उपलब्ध असले की आधीच्या मजुराची मजुरी वाढत नाही. ब्रासेरो योजना संपल्यानंतर काही महिन्यांतच, १९६५ साली, कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो व मेक्सिकन वंशाच्या मजुरांनी एकत्र येऊन संप पुकारला. तो मोडण्यासाठी मालकांनी नव्याने आलेल्या गरिबांना कामावर घेतले तेव्हा संपकऱ्यांचा संताप झाला. गरिबाविरुद्ध गरीब उभा राहिला.

दार बंद, वाट चालू

आता या कहाणीच्या मर्मस्थानी आपण येतो. १९६४ अखेर ब्रासेरो योजना बंद झाली. १९६५ च्या नव्या कायद्याने वंशावर आधारलेला जुना कोटा रद्द केला, हे चांगलेच झाले. पण त्याच कायद्याने उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांतून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली. १९७६ मध्ये प्रत्येक देशासाठी वर्षाला २० हजारांची कमाल मर्यादा ठरली. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दरवर्षी साधारण साडेचार लाख करार-मजूर व पन्नास हजार कायम रहिवासी मेक्सिकोतून कायद्याने येत होते. वीस वर्षांनी करार शून्य आणि परवाने वीस हजार!

मळे बंद झाले का? नाही. पिके काढणीस येणे थांबले का? नाही. हालिस्कोच्या खेड्यातील तरुणाला ठाऊक होते, की आपला बाप ज्या मळ्यात जात असे तेथे काम आहे आणि मुकादम ओळखीचा आहे. तो त्याच वाटेने गेला. बाप ज्या वाटेने 'ब्रासेरो' म्हणून गेला, त्याच वाटेने मुलगा 'बेकायदा' म्हणून गेला. १९६५ साली अमेरिकेत सुमारे १ लाख १० हजार बेकायदा परकीय पकडले गेले होते. १९७७ साली हा आकडा दहा लाखांवर गेला आणि १९८६ साली सतरा लाखांवर. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी या स्थलांतराचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. बेकायदेशीरपणाच्या या वाढीमागे लोकांच्या ओघातील वाढीपेक्षा कायदेशीर मार्ग बंद होणे हे मोठे कारण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मेक्सिकोचा स्वतःचा दोष यात नव्हता असे नाही. १९८२ साली तो देश कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला, चलनाची किंमत घसरली, मजुरीला मोल राहिले नाही. लोकसंख्या झपाट्याने वाढली होती आणि सत्ताधाऱ्यांनी खेड्यांकडे पाठ फिरविली होती. शिवाय आणखी एक कारण आपल्या लोकांना सहज पटेल. एकदा गावचा एक जण परदेशी गेला, की तो भावाला नेतो, भाऊ मेव्हण्याला नेतो. आखाताची वाट आपल्याकडेही अशीच रुळली. सर्वांत दरिद्री माणूस बहुधा जात नाही, कारण त्याच्यापाशी वाटखर्चही नसतो. ज्याची तेथे ओळख आहे आणि ज्याला कोणी उसने देऊ शकते, तो जातो.

१९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यामुळे सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य लाभले आणि जाणूनबुजून बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच शिक्षा सांगितली गेली. पण सारी मेख 'जाणूनबुजून' या शब्दात होती. मालकाने कागद पाहिले की तो सुटला. कागद खरे की खोटे हे तपासणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. बनावट कागदांचा बाजार फोफावला आणि मालक व मजूर यांच्यामध्ये कंत्राटदार येऊन बसला.

मका आणि भिंत

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. सरकारी अनुदानावर पिकलेला अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत उतरू लागला. मका हे त्या देशाचे अन्न व हजारो वर्षांचे पीक. डोंगराळ जमिनीत चार कणसे पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्या भावाशी झुंजणे अशक्य झाले. वर्षअखेरीस चलन पुन्हा कोसळले. मक्याला सीमा मोकळी झाली होती; मका पिकविणाऱ्याला मात्र नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो शहरालगत सरहद्दीवर कुंपण, दिवे व पोलीस यांची मोठी मोहीम सुरू झाली. एल पासोला ती एक वर्ष आधीच सुरू झाली होती.

हेतू हा, की शहराजवळची सोपी वाट बंद झाल्यावर लोक माघारी फिरतील. ते फिरले नाहीत; ते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वळले. १९९८ पासून सरहद्द-पोलिसांच्याच नोंदीत आठ हजारांहून अधिक मृत्यू आहेत. कोणी उन्हाने, कोणी तहानेने, कोणी नदीत बुडून मेले. वाट अवघड झाली तशी वाटाड्या दलालांची किंमत शेकड्यांवरून हजारो डॉलरवर गेली आणि तो धंदा गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती पडला.

याहून अनपेक्षित परिणाम दुसराच झाला. पूर्वी पुरुष हंगामापुरते जात आणि नाताळापर्यंत घरी परतत. आता परत गेलो तर पुन्हा येताना जीव धोक्यात घालावा लागेल, म्हणून त्यांनी परतणेच सोडले. बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतले. १९९६ च्या कायद्याने त्यात भर घातली: वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहून जो देशाबाहेर जाईल, त्याला दहा वर्षे प्रवेश नाही. बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या कुंपणाने माणसे आत कोंडली. अमेरिकेतील बेकायदा रहिवाशांची अंदाजित संख्या १९९० मध्ये सुमारे ३५ लाख होती. २००७ मध्ये ती १ कोटी २२ लाखांवर गेली. या सर्वांनी कुंपण ओलांडले असेही नव्हे. पुष्कळ जण रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आले आणि मुदत संपल्यावर राहिले.

२००८ च्या मंदीनंतर मात्र मेक्सिकोतून येणाऱ्यांपेक्षा परत जाणारे अधिक झाले. बांधकामे थांबली होती, आणि मेक्सिकोतील कुटुंबेही लहान झाली होती. १९७० च्या सुमारास बाईमागे सरासरी सहा-सात मुले असत, ती आता दोन-तीनवर आली होती. हाक थांबली, गरज ओसरली आणि माणसे थांबली.

त्यानंतर सरहद्दीवर दिसू लागले ते मुख्यतः ग्वातेमाला, होन्डुरास व एल साल्वादोरचे लोक. त्यांच्या मागे केवळ दारिद्र्य नव्हते, भय होते. महागुरू ऑस्कर रोमेरो यांची मिस्सा अर्पण करताना २४ मार्च १९८० रोजी हत्या झाली, तो हाच एल साल्वादोर. तेथे १९९२ पर्यंत यादवी चालली आणि त्या सरकारला शस्त्रे व पैसा अमेरिका पुरवीत होती. पळून आलेल्यांना आश्रय मात्र फार थोड्यांना मिळाला. लॉस एंजलिसच्या वस्त्यांत वाढलेल्या टोळ्यांतील तरुणांना पुढे मायदेशी धाडले गेले, आणि त्या टोळ्यांनी तेथील गावे वेठीस धरली. त्यांच्या धाकाने नवी कुटुंबे पळू लागली.

ख्रिस्तसभेची शिकवण

१ ऑगस्ट १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयीच्या आपल्या पत्राचा आरंभ हेरोदच्या भयाने इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबाच्या स्मरणाने केला. २२ जानेवारी २००३ रोजी अमेरिका व मेक्सिको येथील बिशपांनी मिळून एक पत्र काढले. त्यांनी राष्ट्राचा आपल्या सीमा सांभाळण्याचा हक्क मान्य केला. घर चालत नसेल तर दुसरीकडे जाण्याचा माणसाचा हक्कही मान्य केला. कागद नसले तरी माणसाची प्रतिष्ठा शाबूत राहते, असे बजावले. पण या साऱ्यांच्या आधी त्यांनी एक हक्क ठेवला: आपल्याच मायभूमीत सन्मानाने पोट भरता येण्याचा हक्क. जावे न लागण्याचा हक्क.

हालिस्कोमधील सांता आना दे ग्वादालुपे या खेड्यात जन्मलेले संत तोरिबिओ रोमो हे धर्मगुरू १९२८ साली धर्मछळात मारले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना संतपद दिले. वाळवंटात वाट चुकलेल्यांना ते पाणी देतात, धीर देतात, असे स्थलांतरित सांगतात आणि निघण्यापूर्वी त्यांच्या मंदिरात मेणबत्ती लावतात. नवलाची गोष्ट अशी, की हयात असताना या धर्मगुरूंनी उत्तरेकडे जाणाऱ्यांना परावृत्त करण्यासाठी एक नाटुकले लिहिले होते. लोकांनी जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती. लोक गेलेच, तेव्हा वाटेत सोबत त्यांचीच मागितली गेली. मला वाटते, धर्मगुरूचे दुहेरी कर्तव्य त्यात आले आहे.

म्हणून त्या वाडीतील गृहस्थांना मी आता असे सांगेन: बाबा, कायदा मोडला हे खरे, पण बेड्या एकाच्याच हातांत पडल्या हे पाहा. काम देणारा मालक, घर विकायला लावणारा दलाल, पीक मातीमोल करणारा करार आणि गरज असताना परवाना नाकारणारा कायदा यांच्यापैकी त्या विमानात कोणी नव्हते. आणि त्या बाईंना सांगेन: ताई, सुखासुखी कोणी जात नाही हे खरे, पण आपल्या मुलांना कोणी एजंट जमीन विकून चोरवाटेने पाठवू पाहत असेल, तर त्याला उंबरठ्यावरूनच परतवा. तो ज्या वाटेचा भाव सांगतो, त्या वाटेवर माणसे मेलेली आहेत. पुढच्या महिन्यात त्याच वाडीत जपमाळेला जायचे आहे. या वेळी हे सारे सावकाश बोलायचे मी ठरविले आहे.